रिकामी नळी

१४ एप्रिल, सोमवार

धनसिंगच्या खताच्या दुकानातून प्रेमराजला ही डायरी फुकट मिळाली. वर केळीच्या घडाचं चित्र आहे. इतकी पिवळी केळी मी जन्मात पाहिली नाहीत, आणि माझं सासर यावल तालुक्यात, केळीच्या बागेत आहे. प्रेमराज म्हणाला, "माय, तूच लिही हिच्यात. आम्हाला वेळ नाही." माझी शाळा चौथीपर्यंत, तीही माहेरी धुळ्याकडे, गुरुजी येतील त्या दिवशी. तरी लिहिते. या घरात काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचतं. वहीला तोंड नाही.

तर हेमांगीबद्दल. हेमांगी माझी नात, प्रेमराजची एकुलती एक. गोव्याला समुद्राच्या शास्त्रात डॉक्टर व्हायचा अभ्यास करते. गोळ्या देणारी डॉक्टर नव्हे, नुसती नावापुढे लावायची. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सुनेचं, दीपमालाचं पिशवीचं ऑपरेशन झालं, म्हणून आईकडे बघायला ती इथे राहायला आली आहे. येताना एक दुर्बीण घेऊन आली, लांबचं दाखवणारी नव्हे, खाली वाकून बघायची. आणि पेटीभर प्लास्टिकच्या नळ्या, करंगळीएवढ्या, झाकणाच्या. ते सगळं घेऊन मधल्या खोलीत दार लावून बसते.

दार लावते ते एक वेळ समजू. पण पंखा बंद. कूलर बंद. बाहेर डांबर मऊ पडलंय, कुत्री मोरीत जाऊन निजतात, आणि ही पोरगी घामाने निथळत आत बसते. मी दाराला कान लावला. फोनवर कोणाशी बोलत असती तर कळलं असतं. काहीच आवाज नाही, हे जास्त वाईट.

आत काय चाललंय ते दार वाजवून माहेरच्या अहिराणीत विचारलं, "काय करी राहिनी वं मझार?"

"काम, आजी."

"पंखा कसाले बंद शे?"

"उडून जाईल."

"काय उडी जाई?"

"काम."

असं उत्तर ज्याला काही लपवायचं असतं तोच देतो.

१७ एप्रिल, गुरुवार

आता काच नको म्हणते. मी कौतुकाने काचेच्या ग्लासात सरबत नेलं तर दारातच अडवलं. "आजी, या खोलीत काच आणायची नाही. काचेत बोरॉन असतं. माझं सगळं काम बोरॉनचं आहे, बाहेरचं कणभर जरी मिसळलं तरी संपलं."

प्रेमराज ओसरीवर बसला होता, तो हसायला लागला. "बोरॉन? अगं, आपल्या गोठ्यात अर्धं पोतं पडलंय. केळीवर फवारतो आम्ही."

हेमांगीचा चेहरा एवढासा झाला. लगेच वनाला बोलावलं. वना आमच्याकडे बागेचं सगळं बघतो, घड कापण्यापासून फवारणीपर्यंत. पोतं उचलताना मला म्हणाला, "अक्का, शेतातल्या खोलीत ठेवतो. पन ताई याले एवढी भिते कशी? इंचू हाये का याच्यात?"

मग हेमांगीने घरभर विचारत फिरून खात्री केली. बोरॉनचं औषध आहे का, पावडर आहे का, फवारा आहे का. दीपमाला म्हणाली काही नाही. मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात खत नसतं.

मला मात्र झोप नाही. पोरीला समुद्र शिकायला पाठवली, आणि ती जे शिकते ते धनसिंगच्या दुकानात पोत्याने मिळतं. कोणीतरी आम्हाला फसवतंय. ते तिचे सर असावेत. रोज फोन येतो. "हो सर, हो सर." एवढं होकार देण्यासारखं काय असतं?

१९ एप्रिल, शनिवार

आज आत गेले. सरळ सांगितलं, दाखव नाहीतर पेटी अंगणात ठेवीन. तिने दाखवलं.

काळ्या ताटलीत वाळू सांडल्यासारखं होतं. दुर्बिणीत डोळा घातला तर जोंधळ्याच्या लाह्या. चार-चार लाह्या एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्या, अंगाला बारीक भोकं. माझा एक डोळा मोतीबिंदूचा, तरी दिसलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दिसत होतं.

"हे समुद्रातल्या बारीक जिवांचे शंख आहेत, आजी. जीव मेले, शंख तळाला पडले, थरावर थर बसले. हा थर वीस हजार वर्षांपूर्वीचा."

"त्यासना जन्मना दाखला देखा का तू?"

ती हसली. मग ओल्या ब्रशच्या टोकाने एक-एक शंख उचलून नळीत टाकत राहिली. एकाच जातीचे घ्यायचे, बाकीचे सोडायचे. एका थराची एक नळी. पंखा लावला तर शंख उडतात, म्हणून बंद. हे पटलं. तूर पाखडताना मीही वाऱ्याला शिव्या देते.

कशासाठी हे सगळं, असं विचारलं, तर म्हणाली, समुद्राच्या पाण्यात बोरॉनचे दोन भाऊ असतात, एक जड, एक हलका. शंख बनताना दोघंही त्यात जाऊन बसतात. पण समुद्र जितका आंबटाकडे झुकेल तितका हलक्याचा वाटा वाढतो. शंखातला वाटा मोजला की तो जीव जगला तेव्हा समुद्र कसा होता ते कळतं. तेव्हा मोजायला माणूस नव्हता, पण शंख होते.

"म्हणजे समुद्र आंबट व्हतो?"

"आंबट नाही, आजी. त्याचा खार थोडा उतरतो. पापडाच्या पिठात खार कमी पडला तर काय होतं?"

"पापड फुलत नाही. आणि कोणी केले ते गावभर कळतं."

"तसंच. खार उतरला की शंख नीट धरत नाहीत. आपण इतका कोळसा आणि पेट्रोल जाळतो, त्या धुरातला बराच वायू समुद्रात विरतो. समुद्र आता परत तिकडे झुकतोय. पूर्वी कधी, किती झुकला होता ते कळलं तर पुढचं सांगता येईल."

मी समुद्र पाहिलेला नाही. न पाहिलेल्याबद्दल कोणी इतक्या खात्रीने बोललं की मला शंका येते. पण एक कळलं. हे मोजायच्या मशीनवर हिचा नंबर मे महिन्यात लागलाय. तो गेला तर पुढच्या वर्षी, आणि हिची शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपते. या नळ्या म्हणजे हिची चार वर्षं. ती हे पापडाइतक्या सहज म्हणाली, पण ब्रश तेव्हा थांबला होता.

२६ एप्रिल, शनिवार

पेटीत एक नळी रिकामी आहे.

मी आठवडाभर बघते आहे. बाकीच्यांच्या तळाला पांढरं दिसतं, हिच्यात काही नाही. पण हेमांगी तिच्यावरही नाव घालते. बाकीच्यांबरोबर तिचं झाकण उघडते, बाकीच्यांबरोबर लावते. रिकाम्या नळीची एवढी सरबराई?

विचारलं, "हाई काय शे?"

"तिला हात लावू नकोस हं आजी. ती सगळ्यात महत्त्वाची."

"काय शे तीमा?"

"काहीच नाही. म्हणूनच तर..." तेवढ्यात दीपमालाने कण्हत हाक मारली आणि ती उठून गेली.

काहीच नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची. मी बहात्तर वर्षांची आहे, माझ्या डोक्यावर टोपी घालणं सोपं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

आज दीपमालाचे टाके दाखवायला सगळे जळगावला गेले. घरात मी एकटी. सकाळपासून नव्या तुरीच्या डाळीला पावडर चोळत बसले. कॅरमची पावडर, धनसिंगच्या दुकानातल्या निळ्या डब्यातली. माझी सासू राख चोळायची, त्याने डाळ काळवंडते. या पावडरीने दोन-दोन वर्षं कीड लागत नाही. शिजवताना तीनदा धुतलं की झालं. दीपमालाला वाटतं माझ्या हातालाच गुण आहे, कोठीत कीड होत नाही. वाटू दे. सगळं सुनेला सांगितलं तर सासूकडे उरतं काय?

डाळ अर्धी झाली आणि मनात ती नळी आली. हात झटकले आणि मधल्या खोलीत गेले.

झाकण घट्ट होतं. उघडलं. वास घेतला, वास नाही. तळहातावर उलटी करून ठोकली, काही पडलं नाही. करंगळी जाईल तेवढी आत घालून फिरवली. काही लागलं नाही. पदराच्या टोकाने पुसून, झाकण लावून होती तशी ठेवली.

खरंच रिकामी आहे. मग तर जास्तच गोम आहे.

४ मे, रविवार

गावात कळलंय की प्रेमराजची पोरगी बोरॉन शिकते. आज तोताराम केळीचं पान घेऊन आला. "ताई, हे पाहाय. पान चिरू राह्यलं. बोरॉन कमी पडलं का?"

हेमांगी म्हणाली, "काका, मला केळीतलं कळत नाही."

"बोरॉनचं शिकते ना?"

"समुद्रातल्या शंखांमधल्या."

तोताराम पानाकडे बघत राहिला. "आपल्याकडे समुद्र कुठी हाये? मंग याचा उपेग काय?"

मी आतून आले. म्हटलं, "तोताराम, तुझा पोरगा पुण्याला काय करतो? कॉम्प्युटर ना? मग तुझ्या घरचा मिक्सर का बंद आहे?" गेला पान घेऊन.

मला तिचं काम पटलंय असं नाही. पण तिला बोलायचं तर मी बोलेन. तोतारामचं काय काम?

१२ मे, सोमवार

हेमांगी भुसावळहून गाडीने गेली. नळ्यांची पेटी मांडीवर, कपड्यांची बॅग पायाखाली. रिकामी नळीही नेली. मी खिडकीतून म्हटलं, नीट जा. ती म्हणाली, "आजी, हे झालं ना, की झालंच सगळं." दीपमाला पदराने डोळे पुसत होती. मी डब्यातली माणसं बघत होते. समोरच्या बाकावरचा एक जण सारखा पेटीकडे बघत होता.

२३ मे, शुक्रवार

आली. न सांगता आली. पेटी तशीच मांडीवर. चेहरा असा, की मला वाटलं वाटेत कोणी मेलं.

"काय व्हयनं?"

"रिकामी नळी खराब निघाली, आजी."

रिकामी नळी खराब कशी होते? प्रेमराजनेही तेच विचारलं. मग तिने सांगितलं. "आजी, तू तूप घेताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतेस ना? भांड्याचं वजन तुपात धरलं जाऊ नये म्हणून. तशी ती नळी. ती सगळ्या नळ्यांबरोबर राहते, उघडते, बंद होते, फक्त तिच्यात शंख नसतात. मशीनने तिच्यात काहीच दाखवायला नको. तिच्यात बोरॉन निघालं. खूप. म्हणजे या घरात कुठेतरी बोरॉन आहे, हवेतून उडतंय, आणि सगळ्याच नळ्यांत गेलं असणार. तिथल्या, गोव्याच्या रिकाम्या नळ्या स्वच्छ आहेत. सर म्हणाले, घरी वेचलेलं सगळं टाकून द्या. एकही नळी मशीनला लावली नाही त्यांनी."

"सगळं?"

"सगळं."

जेवली नाही. दीपमालाच्या पायाशी जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी.

मी विचार करते आहे. मी ती नळी पाहिली होती. त्या दिवशी तिच्यात काहीच नव्हतं, बोट घालून पाहिलं होतं. म्हणजे हे त्यानंतर झालं. कोणीतरी केलं. बोरॉन आपोआप उडत नाही. तोतारामला अपमान झोंबला होता. पण तो आत आला नाही. पोतं कोणी उचललं होतं?

२५ मे, रविवार

वनाला अंगणात उभा केला.

"वना, पोतं शेतात नेलंस ना? परत घरी आणलं होतंस?"

"नाही अक्का. तिथीच हाये."

"फवारणी करून आल्यावर हात धुतलेस का? मधल्या खोलीच्या खिडकीशी का उभा होतास?"

"कधी?"

"मी इचारी राहिनू!"

"अक्का, मी तं घरात पाय बी नाही ठेवला. खिडकीशी उभा असन तं सावलीले. ताईचं नुकसान मी कायले करू?"

"ते तुलाच माहीत."

त्याने टोपी झटकली, घड कापायची कोयती ओट्यावर ठेवली आणि गेला. गेला म्हणजे काम सोडून गेला. प्रेमराज माझ्यावर ओरडला, माय, माल कापणीला आलाय, उन्हाने घड पिकतील, गाडी भरायला कोण आहे? मी म्हटलं, घरातल्या पोरीची चार वर्षं गेली आणि तुला घडांचं पडलंय. पण मला ती कोयती दिसत राहिली. धार लावून, पुसून ठेवलेली होती.

२७ मे, मंगळवार

हेमांगी घरातल्या प्रत्येक पुड्याच्या मागचं बारीक अक्षर वाचत फिरते आहे. साबण, टूथपेस्ट, दीपमालाची औषधं. काही सापडलं नाही. आता स्वयंपाकघराकडे वळणार हे मी ओळखलं. गेल्या वर्षी हिने माझी मिसरी फेकून दिली होती, आरोग्याच्या नावाखाली. निळा डबा तिच्या हाती पडला तर तोही जाईल. म्हणून मी तो माझ्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या नऊवारीच्या घडीत ठेवून दिला. डाळीच्या कोठीवर गोधडी टाकली.

सगळ्या घरावर संशय घेत फिरते ही पोरगी. कोणावर गेली कोण जाणे.

२९ मे, गुरुवार

मायलेकी स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी भिंतीआड होते. ऐकायला नव्हते उभी, गुडघा धरला होता.

हेमांगी म्हणत होती, "आई, नीट आठव. झुरळांच्या गोळ्या, डोळे धुवायची पावडर, कॅरमची पावडर, हे सगळं बोरॉनचंच असतं. यातलं काही होतं का घरात?"

दीपमाला म्हणाली, "कॅरम कोण खेळतं गं आपल्याकडे?"

आज एवढंच.

३० मे, शुक्रवार

सकाळी चहा झाल्यावर निळा डबा आणून हेमांगीच्या पुढ्यात ठेवला. दीपमाला समोर होती. प्रेमराजलाही बसवलं. एकदाच सांगायचं म्हणून.

"डाळीला चोळते मी. दर वर्षी."

दीपमालाचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे कोठीत कीड होत नाही ते..."

"हो, ते यानेच. हाताचा गुण नाही. झालं समाधान?"

हेमांगीने डब्यामागचं वाचलं. "आजी, हे पोटात जातं गं आपल्या." मग तिचे हात खाली पडले. "म्हणजे खरंच घरात होतं. सगळं गेलं. सर बरोबर होते."

"थांब. पुरतं ऐक. डाळ मी मागच्या अंगणात चोळली, मधल्या खोलीत नाही. तू जळगावला होतीस, खोलीची खिडकी-दार बंद होतं. पण त्याच हातांनी मी आत गेले." इथे मला पाणी प्यावं लागलं. "ती नळी मीच उघाडी. करंगळी घालून पाहिलं."

बाहेर केळीवाल्याची रिकामी गाडी गेली, तिचा पत्रा वाजला.

मग दीपमाला. गेली तीस वर्षं मी तिला म्हणत आले की तू माझ्या डब्यांत डोकावतेस. तिने हळूच विचारलं, "आई, पेटीभर नळ्या होत्या. तुम्ही एकच उघडून थांबलात?"

तिचा विश्वास बसत नव्हता. मला राग आला, पण तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

"एकच," मी म्हटलं. "भरलेल्या नळीत काय आहे ते बाहेरून दिसत होतं. तिच्यावर कसला संशय घ्यायचा? संशय रिकाम्याचाच येतो."

हेमांगी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "आजी, हे फक्त तूच करू शकतेस. फक्त तूच ती एकटी उघडशील."

"म्हणजे बाकीच्या चांगल्या?"

तिने नाक पुसलं. "माहीत नाही. मी सरांना काय सांगू? आजी म्हणते म्हणून? शास्त्रात असं चालत नाही. पण एक थर मी इथे यायच्या आधी तिथेही वेचला होता, तो तिथेच आहे. इथला आणि तिथला, दोन्ही मशीनला लावायला सांगते. माझा नंबर गेला, पण सर कुठेतरी एक जागा देतील, मी हातापाया पडते. दोन्ही आकडे सारखे आले तर तू खरी."

"आणि नाही आले तर?"

ती पेटी भरायला गेली.

म्हणजे आता माझा शब्द खरा की खोटा, हे समुद्रातला एक मेलेला जीव सांगणार. आणि मी तो समुद्र पाहिलेलाही नाही.

३१ मे, शनिवार

वनाच्या घरी गेले. प्रेमराज म्हणाला मी जातो, मी म्हटलं, तोंड माझं होतं. वना बाजेवर बसला होता, उठला. बायकोने पाणी दिलं.

"वना, ते मीच केलं होतं."

"मले कळलं, अक्का. कालच कळलं." या गावात वहीलाही तोंड असावं.

"मग ये कामावर."

तो पायाकडे बघत म्हणाला, "अक्का, तुमाले माझा संशय आला त्याचं नाही. तुमाले सगळ्यायचाच येतो. पन तुम्ही इचारलं नाही. इचारायच्या आधीच ठरवून आल्या होत्या."

मी पिशवीतून कोयती काढली. कागदात गुंडाळून आणली होती. त्याने ती हातात घेतली, धार बघितली. "मी लावून ठेवली होती, तशीच हाये."

"मी कशाला हात लावू?"

तो हसला. जरासाच. सोमवारी येतो म्हणाला. काही घड पिकून गेले ते गेलेच.

४ जून, बुधवार

फोन नाही.

मला आता भलतंच सुचतं. त्या दिवशी पेटी उचलून जागा बदलली होती का? बाकीच्या झाकणांवर हात फिरवला होता का? एखादी जरा उघडून लावली असेल आणि आठवत नसेल? वयाचं काय सांगावं. डोळे मिटले की माझाच हात दिसतो, पांढरा, त्या पेटीवर फिरताना. फिरला होता की मी आता फिरवते आहे, कळत नाही.

आजवर मी सगळ्यांचा संशय घेतला. दुकानदाराचा, व्याह्यांचा, वनाचा, देवळातल्या पुजाऱ्याचा. माझा कधी घेतला नव्हता. वाईट लागतं हे. जेवण जात नाही.

९ जून, सोमवार

फोन आला. दीपमालाने आवाज मोठा केला.

"आजी, जुळलं! इथला आणि तिथला थर, दोन्ही सारखे. म्हणजे मशीन जेवढं मागे-पुढे धरतं त्याच्या आत. सरांनी दोनदा लावून पाहिलं. बाकीच्या नळ्याही लावतायत, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचे मशीनचे दिवस कापून दिले त्यांनी मला."

प्रेमराज उठून बाहेर गेला आणि उगाच गाईला हाका मारत बसला. दीपमाला रडत होती.

मी विचारलं, "सर काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या आजीला विचार, इतक्या नळ्यांमधून नेमकी तीच का उघडली."

"मग तू काय सांगितलंस?"

"तेच सांगितलं, जे तू म्हणालीस. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, आपण इथे वेगळं काय करतो?"

या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. चांगला असावा. सर माणूस बरा दिसतो. पण एकदा बघायला हवा.

डाळ सगळी काढून पाच पाण्याने धुतली, उन्हात टाकली. कीड लागेल ती लागेल. निळा डबा धनसिंगला परत दिला. तो म्हणाला, भिकुबाई, पुढच्या वर्षी कोठीला काय लावणार? म्हटलं, तू काय लावतोस ते आधी सांग.

२२ जून, रविवार

हेमांगी दोन दिवसांसाठी आली होती, आईला बघायला आणि इथे वेचायचे राहिलेले थर वेचून न्यायला. आज गेली. जायच्या आधी मधल्या खोलीत पेटी भरत होती. मी दारात उभी. आत बोलावलं तरी गेले नाही.

नळ्या रांगेत लावल्या. शेवटी एक रिकामी घेतली, तिच्यावर बारीक अक्षरात काही लिहिलं आणि मला दाखवायला दाराशी आली. मराठीत लिहिलं होतं. "आजी."

"मनं नाव कसाले?"

"घरातली साक्ष म्हणून. आता हिच्यात काही निघालं तर कोणाला विचारायचं ते कळेल."

"तिच्यात काही निघणार नाही," मी म्हटलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. नळी माझ्या नाकापुढे होती. रिकामी होती. झाकण नीट बसलंय का ते दिसत नव्हतं, एका बाजूने तिरकं वाटत होतं. माझी बोटं पाठीमागे वळवळत होती.

दीपमाला पाण्याची बाटली घेऊन आली. मी तिला म्हटलं, "दीपमाला, बाई, ते झाकण जरा तू बघ. तुझा हात बरा आहे."

ती बाटली हातात धरून तशीच थांबली. झाकणाकडे बघेना. माझ्याकडेच बघत राहिली, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत. तीस वर्षांत मी तिला असं बोलले नव्हते. आत काय शिजतंय ते शोधत होती.

बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.